घरातील जाळे : लेखांक ७ – आठ दिव्यांची साक्ष

गेल्या लेखांकात भिंतींच्या जाडीने क्षीण होत जाणाऱ्या बिनतारी लहरींचा विचार केला, आणि जे यंत्र आपली जागा कधी सोडत नाही ते शक्य तेथे तारेनेच जोडावे, अशी शिफारस केली. परंतु तार ओढली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला पुढे काय येते, ते गेल्या पावसाळ्यात साताऱ्यास माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी मला पाहावयास मिळाले. म्हणून आजचा लेखांक त्या एका प्रकरणाच्या तपासाला दिला आहे.

बंधूंचा राउटर तळमजल्यावर, पुतणीचा संगणक माडीवरच्या मागच्या खोलीत, आणि दोहोंच्या मध्ये जिन्याच्या कडेने पट्टीतून नेलेली सुमारे ३० मीटर केबल. इंटरनेटची योजना २०० मेगाबिटची. पुतणीची फिर्याद अशी की, कामाची बैठक चालू असता समोरच्याचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो, आणि वेग मोजावा तर तो ९४ च्या वर कधीच जात नाही, कित्येकदा त्याच्या निम्म्यावरही येतो. राउटरवरचा त्या तारेचा दिवा मात्र तेवत होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवून बंधू म्हणत की तार निर्दोष आहे.

या ९४ च्या आकड्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीतून, माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचे पत्ते आणि पाकिटापाकिटांमधील सक्तीचे अंतर यांचा खर्च वजा जाता, पदरात पडणारा ऐवज जवळजवळ तेवढाच असतो. तेव्हा ज्या घरी योजना मोठी असून मोजणी ९४ वर अडते, तेथे बाहेरच्या कंपनीकडे तक्रार नोंदवण्यापूर्वी घरातील तारेची जोडणी १००० ऐवजी १०० वर उतरली आहे काय, हे तपासावे. पुष्कळ महागड्या दूरचित्रवाणी संचांना तार जोडण्याची खिडकीच (पोर्ट) मुळी १०० ची बसवलेली असते. तेथे तारेवर आळ घेणे अन्यायाचे. पुतणीच्या संगणकाची खिडकी १००० ची होती. तो खाली आणून राउटरच्या त्याच खिडकीत आखूड केबलने जोडला, तोच दुवा १००० चा झाला आणि वेग योजनेइतका मिळाला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, या नियमाचे फळ असे असते: संगणक आणि राउटर दोघेही एका प्रयोगात दोषमुक्त झाले, आणि संशय उरला तो भिंतीवरच्या तारेवर.

कित्येक घरी तक्रार याहून निराळी असते. दिवा लागतो, पण इंटरनेट मुळीच नाही. तेथे यंत्राच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता पाहावा. प्रत्येक यंत्राला राउटर ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने पत्ता देत असतो. पण सेटिंगमध्ये दिसणारा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राचा अर्ज राउटरपर्यंत पोचला नाही किंवा त्याचे उत्तर परत आले नाही, आणि निरुपायाने यंत्राने स्वतःच एक पत्ता धारण केला, असे समजावे. पत्ता रीतसर असेल, तर आधी राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या अंकरूप पत्त्याला, आणि शेवटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणाला पिंग करून, म्हणजे उत्तर मागणारी छोटी हाक देऊन, पाहावे. अंकाला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तेव्हा तार आणि राउटर यांना सोडून नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसकडे वळावे.

साताऱ्यास ज्याने ती केबल ओढली होती तो वायरमन बोलावल्याबरोबर आला. त्याने टेस्टर लावला. एकामागून एक आठही दिवे क्रमाने लागले, आणि तार उत्तम असल्याचा दाखला त्याने प्रामाणिकपणे दिला. मी क्षणभर निरुत्तर झालो. मग टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडाकडे धरून आतले रंग पाहिले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. डोळ्यांना किती नीटनेटका! आणि दोष नेमका त्या नीटनेटकेपणात होता.

या केबलच्या पोटात आठ सुट्या तारा नसून एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या असतात. ही युक्ती टेलिफोनइतकी जुनी असून तिचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये मिळवले. जोडीतील दोन तारांतून एकच संदेश परस्परविरुद्ध रूपात धावतो. बाहेरचा उपद्रव पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचत असल्याने तो उपद्रव आपोआप वजा होतो. म्हणून एका संदेशाच्या दोन्ही तारा एकाच जोडीतल्या असणे हा या साऱ्या व्यवस्थेचा प्राण होय. आता कनेक्टरच्या आठ घरांत १ व २ ची जोडी, ७ व ८ ची जोडी सरळ आहे. परंतु मधली ४ व ५ ही टेलिफोनच्या जुन्या परंपरेला मान देऊन एका जोडीला दिलेली असून, ३ व ६ ही घरे तिला दोहो बाजूंनी कवेत घेऊन आणखी एका जोडीची झालेली आहेत. म्हणून हिरवी तार तिसऱ्या घरातल्या आपल्या सोबतिणीशेजारी न बसता, निळ्या जोडीला ओलांडून सहाव्या घरात जायला हवी. वायरमनच्या रचनेत ३ ला हिरव्या जोडीतली तार होती आणि ६ ला निळीतली. टेस्टर एवढेच विचारतो की या टोकाचा ३ त्या टोकाच्या ३ ला मिळतो काय. तो मिळतच होता. ती तार कोणाशी पिळलेली आहे, हे विचारण्याची शक्ती त्या स्वस्त यंत्रात नाही. हातभर केबलीत हा दोष पुष्कळदा लपून जातो; ३० मीटरमध्ये मात्र एका जोडीतला संदेश दुसरीत झिरपू लागतो, चारही जोड्यांची गरज असलेला १००० चा दुवा टिकत नाही, यंत्रे निमूटपणे १०० वर उतरतात, आणि तेथेही पाकिटे गहाळ होत राहतात.

दोन्ही टोके कापून नवी बसवायला २० मिनिटे लागली. पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उकलू नये, एवढी सूचना मी केली. हात त्याचाच होता, आणि तो सफाईचा होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माडीवर पुतणीने दुव्याचा वेग वाचला: १०००. वायरमनने तो क्रम आपल्या डायरीत उतरवून घेतला, मग चहा तसाच ठेवून मागची पाने उलटू लागला, आणि गेल्या दोन वर्षांत आपण ज्या ज्या घरी केबल ओढली त्यांची नावे एका कोऱ्या पानावर लिहीत बसला.