यलोस्टोनच्या रानांतील शिलेदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. त्याच्या स्थापनेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं १ मार्च १८७२ रोजीं सही केली. 'उद्यान' हा शब्द ऐकतांच फुलांचे ताटवे आणि कारंजीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु येथें सुमारें ९,००० चौरस किलोमीटर मुलखांत डोंगर, अरण्यें, सरोवरें आणि उकळत्या पाण्याचे झरे पसरलेले आहेत. मोटारीनें येणारा प्रवासी त्यांतील रस्त्याकाठची चिंचोळी पट्टी तेवढी पाहतो. आग्नेय कोपऱ्यांतील थॉरोफेअर नांवाचा प्रदेश तर रस्त्यापासून सरळ रेषेंत वीस मैलांहून दूर आहे. त्याचें दर्शन घ्यावयाचें, तर पायीं चालावें, नाहीं तर घोड्यावर मांड ठोकावी.

म्हणून दर उन्हाळ्यांत कित्येक अमेरिकन कुटुंबें आपले घोडे मोटारीमागें जोडलेल्या बंद गाड्यांत चढवून उद्यानाच्या पाऊलवाटांपर्यंत आणतात, ओझ्यासाठीं खेचरें बरोबर घेतात आणि चार-सहा दिवस रानांत मुक्काम करतात. मराठी राज्यांत स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस येणाऱ्यास शिलेदार म्हणत आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्यास बारगीर. त्या भाषेंत सांगावयाचें, तर हे प्रवासी शिलेदार होत. घोडा ज्याचा, त्याच्या वैरणीचा आणि वागणुकीचा भारही त्याच्याच शिरावर, हा शिलेदारीचा नियम उद्यानानें फारच बारकाईनें लागू केला आहे.

या प्रदेशांत घोडा उद्यानाच्याही आधीं आला. बॅनॉक जमातीचे लोक रानगव्यांच्या शिकारीसाठीं एकोणिसाव्या शतकांत याच पठारावरून पूर्वेकडील मैदानांत जात. त्यांच्या घोड्यांनीं पाडलेल्या वाटेच्या खुणा कांहीं ठिकाणीं आजही दिसतात. पुढें चोरट्या शिकाऱ्यांपासून उद्यानाचें रक्षण करण्यास १८८६ सालीं लष्कर आलें आणि १९१८ पर्यंत घोडदळाचे शिपाई येथें गस्त घालीत होते. मोटारींना प्रवेश मिळाला तो १९१५ सालीं. आजही उद्यानाचे रक्षक आंतल्या भागांत घोड्यांवरून फिरतात आणि त्यांचें सामान खेचरांवरून जातें. अशा स्थितींत घोड्याला परका म्हणून बाहेर काढणें कठीण. परंतु बॅनॉकांची ती वाट दुसरीही एक गोष्ट सांगते: खुरांनीं केलेली खूण शेंदीडशें वर्षेंही पुसली जात नाहीं.

घोड्याचें वजन साधारणतः साडेचारशें किलो असतें आणि तें चार लहानशा खुरांवर तोललेलें असतें. सुकी वैरण धरली, तर तो दिवसाला आठ-दहा किलो खातो आणि वीस ते चाळीस लिटर पाणी पितो. ज्या कुरणांत तो तोंड घालतो, तेथेंच रानगवे आणि सांबरासारखीं एल्क हरणें पोट भरीत असतात. या उंचीवर गवत वाढण्याचा काळ मोजक्या आठवड्यांचा असतो. तेवढ्यांत जें उगवेल, त्यावर त्या जनावरांना पुढचा बर्फाळ हिंवाळा निभवावा लागतो. पाहुण्याच्या घोड्यानें तें किती खावें, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक राहत नाहीं.

नियमांचा आरंभ घरच्या तबेल्यापासून होतो. आसपासच्या राज्यांत बाहेरचा घोडा आणतांना पशुवैद्याचा दाखला आणि कॉगिन्स चांचणीचा निकाल जवळ लागतो. रक्त शोषणाऱ्या माशा घोड्यांत एक विषाणुजन्य पांडुरोग पसरवितात. त्यावर औषध नाहीं आणि एकदां जडला कीं तो जन्मभर राहतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या घोड्यांतही तो लपलेला असूं शकतो, म्हणून ही रक्ताची परीक्षा.

दुसरें बंधन वैरणीचें. ती तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचें प्रमाणित झालेलें असावें लागतें. बी घोड्याच्या पोटांतून सुखरूप बाहेर पडतें आणि लिदीच्या खतांत आनंदानें रुजतें. यलोस्टोनमध्यें बाहेरून आलेल्या दोनशेंहून अधिक वनस्पतींनीं बस्तान बसविलें आहे. त्यांतील 'चीटग्रास' नांवाचें गवत मूळचें युरोप-आशियाकडचें. तें लवकर हिरवें होतें, लवकर वाळतें आणि वणव्याला आयतें इंधन पुरवितें. म्हणून समंजस मालक निघण्यापूर्वीं तीन-चार दिवस घोड्याला तीच शुद्ध वैरण घालतो आणि त्याच्या आयाळींत, शेपटींत व खुरांत अडकलेलें कुसळ खराऱ्यानें काढून टाकतो. एकट्या घोड्याच्या पोटांतून एक कुरण बिघडूं शकतें, हें ज्यानें ओळखलें त्याला ही दगदग वाटत नाहीं.

तिसरें बंधन काळाचें. घोड्यांसह रात्रीच्या मुक्कामाला सामान्यतः १ जुलैपूर्वीं परवानगी मिळत नाहीं. बर्फ वितळत असतांना जमीन चिखलाची असते. त्या वेळीं पडलेलें खूर मुळांसकट हिरवळ उखडतें, वाटेवर खळगे होतात, खळग्यांत पाणी सांचतें, मागून येणारा तें चुकविण्यासाठीं बाजूनें जातो आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. कोरडी जमीन तेंच वजन निमूटपणें सोसते.

मुक्कामासाठीं परवाना घ्यावा लागतो आणि जागा ठरलेल्या असतात. त्यांतही सर्व ठिकाणीं घोडे चालत नाहींत. तळावर घोडा बांधण्याची कला शिलेदाराची खरी परीक्षा पाहते. झाडाला बांधलेला घोडा कंटाळून खुरांनीं माती उकरतो, मुळें उघडीं पडतात, दोरानें साल सोलवटते आणि एका रात्रींत शंभर वर्षांचें झाड जखमी होतें. म्हणून दोन झाडांना रुंद पट्टे बांधून त्यांमध्यें माणसाच्या डोक्याहून उंच दोर ताणतात आणि त्या दोराला घोडे अडकवितात. चरावयास सोडतांना पायबंद घालतात किंवा मेखेला लांब दोरानें बांधून मेख वरचेवर हलवितात. तळ पाण्यापासून शंभर फूट दूर असावा. निघतांना लीद पसरून टाकावी, उकरलेले खळगे बुजवावे आणि मागें चूलही दिसूं देऊं नये.

रात्रीं अस्वलांची धास्ती असते. येथील ग्रिझली अस्वलाला माणसाच्या शिधाइतकीच घोड्याची चंदीही गोड लागते. ती तोबऱ्यांत तशीच पडलेली राहिली, तर त्याला तळाची चटक लागते आणि अशा धीट झालेल्या अस्वलाला शेवटीं गोळी घालण्याची पाळी येते. यासाठीं खाण्याचें सर्व सामान जमिनीपासून दहा फूट उंच आणि झाडाच्या खोडापासून चार फूट दूर टांगतात, आणि स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर करतात.

उष्ण झऱ्यांच्या परिसरांत घोडा नेण्यास मनाई आहे. तेथील जमिनीचा पापुद्रा कित्येक ठिकाणीं पातळ असतो आणि खालीं पाणी उकळत असतें. साडेचारशें किलोंचें जनावर तेथें गेलें, तर काय होईल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

वाटेवर पादचारी भेटले, तर अमेरिकेच्या सर्वच राष्ट्रीय उद्यानांतील नियमानुसार घोडा सावकाश चालीनेंच न्यावा लागतो. सुटे घोडे पुढें हांकणें तर निषिद्धच. पादचाऱ्यानेंही घोडा जवळून जात असतां वाट अडवूं नये किंवा गोंगाट करूं नये, असें बंधन आहे. उताराच्या बाजूस सरून त्यानें हळू आवाजांत दोन शब्द बोलावे, हा शिष्टाचार. कारण उंचावर निश्चल उभी असलेली आकृति घोड्याला श्वापदासारखी भासते.

एवढे सायास करूनही घोडे आणूं देऊं नयेत, असें म्हणणारे लोक अमेरिकेंत आहेत. वाटांची झीज, लिदीची घाण आणि तुडविलेलीं कुरणें ते दाखवितात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. उलट बाजूचे विचारतात, ज्याच्या पायांत वीस मैल चालण्याचें बळ उरलें नाहीं, त्यानें हें अरण्य पाहूंच नये काय? तेंही खरें. दोन्ही पक्षांची समजूत कायद्याच्या कलमांनीं पटणार नाहीं. घोडेस्वार निघून गेल्यावर तळाची जागा कशी दिसते, यावरच या वादाचा निकाल अवलंबून आहे. मागून येणाऱ्याला तेथें गवत उभें दिसलें, तर पुढच्या पिढीलाही घोड्यावरून थॉरोफेअर पाहतां येईल. उकरलेली माती आणि सोललेलीं झाडें दिसलीं, तर ती वाट घोड्यांना बंद होईल, आणि ती बंद करण्याचें श्रेय त्या शिलेदारांकडेच जाईल.