विश्लेषण : ‘एनिग्मा’ फुटल्याचे जर्मनीला अखेरपर्यंत का कळले नाही?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे गुप्त संदेश ‘एनिग्मा’ यंत्रावरून जात आणि ब्रिटिश ते वाचत. तरीही जर्मनीने हे यंत्र युद्ध संपेपर्यंत वापरले. चौकश्या होऊनही सत्य कसे हुकले? याचे उत्तर यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्या संस्थांच्या कार्यसंस्कृतीत अधिक सापडते.

एनिग्मा किती सुरक्षित होते?

टाइपरायटरसारख्या या यंत्रावर कळ दाबली की फिरत्या चक्रांतून वीजप्रवाह जाई आणि दुसरेच अक्षर उजळे. चक्रांचा क्रम, त्यांची सुरुवातीची स्थिती आणि प्लगबोर्डावरील तारा मिळून १५९ वर १८ शून्ये इतक्या रचना शक्य होत्या. एकेक तपासणे अशक्यच. मात्र एक त्रुटी होती. कोणत्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीच येत नसे.

मग ते फुटले कसे?

पोलंडचे गणितज्ञ मारियान रेयेव्स्की यांनी १९३२ मध्येच या यंत्राची रचना उलगडली. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ही माहिती ब्रिटन आणि फ्रान्सला दिली. पुढचे काम जर्मन ऑपरेटरांच्या सवयींनी सोपे केले. काही जण सुरुवातीची अक्षरे निवडताना मैत्रिणीचे नाव किंवा कळफलकावरील शेजारची अक्षरे घेत. हवामानाचे अहवाल ठरावीक शब्दांत जात. असा अंदाजित मजकूर हाती धरून ‘बॉम्ब’ ही यंत्रे त्या दिवसाची रचना शोधत.

ब्रिटिशांची कार्यपद्धती वेगळी कशी?

ब्लेचली पार्क येथे गणितज्ञ, भाषातज्ज्ञ आणि बुद्धिबळपटू एकत्र काम करत. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे संदेश एकाच आवारात फोडले जात. कर्मचाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश महिला होत्या. हुद्द्यापेक्षा कामाला महत्त्व होते. मनुष्यबळ अपुरे पडू लागले तेव्हा ॲलन ट्युरिंग यांच्यासह चौघांनी २१ ऑक्टोबर १९४१ रोजी वरिष्ठांना डावलून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी शिक्षा केली नाही; उलट हवे ते तातडीने पुरवण्याचा आदेश दिला. जर्मनीत मात्र सैन्यदले, परराष्ट्र खाते आणि गोअरिंग यांची स्वतंत्र यंत्रणा असे अनेक विभाग होते. त्यांच्यात सहकार्यापेक्षा चढाओढ अधिक होती.

जर्मनीला संशय आलाच नाही?

आला होता. १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ बुडाल्यानंतर नौदलाची पुरवठा जहाजे एकापाठोपाठ सापडली. चौकशी झाली, पण यंत्र सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला. दोष हेरगिरी, रडार आणि योगायोगाला दिला गेला. १९४३ मध्ये तर पाणबुड्यांवरील रडारसूचक ‘मेटॉक्स’ उपकरणावरच खापर फोडून ते बंद करायला लावले. ज्यांच्यावर यंत्राच्या सुरक्षेची जबाबदारी होती, तेच चौकशीही करत होते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथे चक्र आले आणि ब्लेचली पार्कला सुमारे १० महिने ते संदेश वाचता आले नाहीत. म्हणजे सुधारणा शक्य होती आणि ती परिणामकारकही ठरली. पण मूळ यंत्र बदलले नाही.

ब्रिटिश चुकले नाहीत का?

चुकले, आणि त्याची किंमत खलाशांनी मोजली. मालवाहू ताफ्यांसाठीची ब्रिटिश नौदलाची संकेतलिपी ‘बी-डीन्स्ट’ हा जर्मन विभाग वाचत होता. ताफ्यांचे मार्ग पाणबुड्यांना कळत. जर्मन संदेश वाचतानाच ही गळती ब्रिटिशांच्या लक्षात आली, तरी नवी संकेतलिपी लागू व्हायला जून १९४३ उजाडला. फरक एवढाच की, आपली लिपी फुटली आहे हे पुरावा दिसल्यावर त्यांनी मान्य केले.

आज याचा अर्थ काय?

आजची कूटलिपी एनिग्मापेक्षा कितीतरी भक्कम आहे. पण जन्मतारखेचा पासवर्ड ठेवणारा वापरकर्ता आणि मैत्रिणीचे नाव टाकणारा ऑपरेटर यांच्यात फारसे अंतर नाही. ‘आपली यंत्रणा फुटूच शकत नाही’ असे कोणी सांगितले, तर ते तपासले कोणी, हा प्रश्न आधी विचारायला हवा.