वाळूवरचा पहारा

जून महिन्यातील पहाटेची वेळ. अटलांटिक महासागरावरून गार वारा वाहत आहे आणि ओहोटीमुळे ओली वाळू दूरवर चमकत आहे. खांद्यावर दुर्बीण आणि हातात टिपणवही घेतलेले दोन-तीन विद्यार्थी किनाऱ्यावरून जपून पावले टाकीत चालले आहेत. एकाएकी पुढचा थांबतो आणि हाताने खूण करतो. समोर पाहावे, तर नुसती वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि लाटांनी आणून टाकलेले वाळके शेवाळ! परंतु त्याच वाळूत, अगदी उघड्यावर, चार अंडी आहेत. नजर जराशी चुकली असती, तर ती पायाखाली चिरडली गेली असती.

हा किनारा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लम आयलंड नावाच्या बेटावर आहे. तेथे १९४१ साली ‘पार्कर रिव्हर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान’ स्थापन झाले. सुप्रसिद्ध लेखिका रेचेल कार्सन यांनी १९४७ साली या आश्रयस्थानाची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली होती. अशा आश्रयस्थानांत उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयीन विद्यार्थी उमेदवारी करतात. किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची देखरेख करणे, हे त्यांचे काम असते.

या पक्ष्यांत मुख्य म्हणजे पायपिंग प्लव्हर. हा आपल्याकडील चिखल्या पक्ष्याचा भाऊबंद. त्याचे वजन जेमतेम पाच-साडेपाच तोळे आणि रंग कोरड्या वाळूसारखा. त्याचा आवाज बारीक शिळेसारखा असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. त्याचे घरटे म्हणजे वाळूत छातीने व पायांनी उकरलेला एक उथळ खळगा. त्यात मादी बहुधा चार अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे ती उबवतात. अंड्यांवरील ठिपके वाळूत असे मिसळून जातात, की शत्रूला ती सहजासहजी दिसत नाहीत. परंतु हेच संरक्षण माणसापुढे घातक ठरते. कारण माणूस अंडी शोधीत नसतो, तो नुसता चालत असतो!

पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच धावू लागतात. आईबाप त्यांना चारा भरवीत नाहीत. कापसाच्या बोंडाएवढी ती पिल्ले स्वतःच पाण्याच्या कडेपर्यंत धावत जाऊन किडे टिपतात. उडता येईपर्यंत सुमारे महिनाभर त्यांना हाच एक आधार असतो. शत्रू जवळ आला, की मोठा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत दूर जातो आणि त्याला आपल्या मागे ओढून नेतो. आपल्या रानातील टिटवीही असेच सोंग करते, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिले असेल. टिटवी आणि प्लव्हर ही एकाच कुळातील पाखरे आहेत.

या पक्ष्यांवर संकटे एकामागून एक आली. एकोणिसाव्या शतकात स्त्रियांच्या टोप्या पिसांनी सजविण्याची टूम निघाली आणि सुरय पक्ष्यांच्या जातींची बेसुमार हत्या झाली. त्याविरुद्ध बॉस्टन शहरातील हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोन स्त्रियांनी १८९६ साली चळवळ उभारली. पुढे १९१८ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. बंदुकीचे भय गेले. परंतु मग किनाऱ्यावर घरे उठली, वाहने धावू लागली आणि सहलींची गर्दी लोटली. अखेर १९८६ साली पायपिंग प्लव्हरचा समावेश कायद्याने संरक्षित, संकटग्रस्त जातींत करावा लागला.

म्हणूनच घरट्यांच्या हंगामात हा किनारा लोकांसाठी बंद ठेवतात. ज्या किनाऱ्यांवर लोकांना मुभा असते, तेथे घरट्यांभोवती खांब रोवून दोरी बांधतात आणि सूचनाफलक लावतात. उमेदवार विद्यार्थी रोज फेरी घालतात. वाळूवरील इवल्या पावलांच्या मागावरून घरटे शोधावयाचे, दुरून अंडी मोजावयाची, तारीख व जागा टिपावयाची आणि लगेच मागे फिरावयाचे. फार वेळ थांबले, तर पक्षी घरट्यावर येत नाही आणि अंडी उन्हाने तापतात.

काही घरट्यांभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा उभारतात. त्यातून पक्षी ये-जा करू शकतो. कोल्हा शिरू शकत नाही. परंतु कोल्हा किंवा ससाणा कधीकधी त्या पिंजऱ्यापाशीच दबा धरून बसावयास शिकतो आणि अंड्यांऐवजी मोठा पक्षीच बळी पडतो. म्हणून पिंजरा ठेवावा की काढावा, हे प्रत्येक घरट्यापुरते विचार करून ठरवावे लागते. चांगल्या हेतूने केलेला उपायही डोळे उघडे ठेवून तपासावा लागतो, तो असा.

कधी वादळी रात्री समुद्राला उधाण येते. सकाळी विद्यार्थी जातात, तो घरट्याची जागाच पुसून गेलेली असते. आठवडेच्या आठवडे राखलेली अंडी गेली! मन खिन्न होते. तरी वहीत खरी नोंद करावीच लागते. हंगाम शिल्लक असेल, तर काही दिवसांनी तीच जोडी दुसरा खळगा उकरू लागते. मग पहारा पुन्हा सुरू होतो.

लोकांना समजावून सांगणे, हेही या कामाचेच अंग आहे. उन्हाळा थोडा, त्यात किनारा बंद म्हणून कोणी रागावतो. विद्यार्थी त्याला दुर्बिणीतून पिल्लू दाखवितात. टाकलेल्या खरकट्यामुळे कावळे व कुरव पक्षी गोळा होतात, मोकळ्या कुत्र्यामुळे पक्षी घरटे सोडतो आणि आकाशातील पतंगही प्लव्हरला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, हे सांगितल्यावर पुष्कळांचा राग मावळतो.

या चिकाटीला फळ आले आहे. १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये प्लव्हरच्या दीडशेहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. आज त्या एक हजारावर गेल्या आहेत. मात्र समुद्राची पातळी वाढत आहे आणि वाळूचे पट्टे अरुंद होत आहेत. पहारा संपलेला नाही.

हे यश कोणा एका वीराचे नव्हे. ते रोज पहाटे उठून चालणाऱ्या पायांचे आहे, खरे तेच लिहिणाऱ्या हातांचे आहे, आणि दोरीपाशी येऊन आपण होऊन थांबणाऱ्या असंख्य अनोळखी माणसांचेही आहे. उघड्या माळावर टिटवी आक्रोश करीत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तिचेही म्हणणे एवढेच असते : जरा थांबा, पायाखाली पाहा.