रत्नागिरीच्या घरात माणसं किती?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. इथे मुली जास्त जन्मतात म्हणावं, तर सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात मुलीच कमी होत्या. मग पुरुष गेले कुठे? समाजशास्त्रज्ञाचं काम इथून सुरू होतं.

पहिली पायरी वंशावळीची. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये १८९३ साली मालवणला जन्मले. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. वंशावळीवरून नाती नोंदवण्याची पद्धत रूढ करणाऱ्या रिव्हर्स यांच्याकडे ते केंब्रिजला शिकले आणि १९२४ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. वंशावळीची पद्धत साधी आहे. घरातल्या जाणत्या आजीपाशी बसायचं. मुलगे किती, कोण कुठे, सुना कुठल्या, लेकी कुठे दिल्या, सगळं मांडायचं. मग आकडा उलगडतो. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. चाकरमानी मुंबईत मोजला जातो. आई, बायको गावात.

दुसरी पायरी कामाची. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारा ‘मुख्य’ कामगार, त्याहून कमी करणारा ‘सीमांत’. भातलावणी, काजूबिया वेचणं, आमसुलं सुकवणं, गुरांचं करणं यांत दिवस जातो, तरी बाई सांगते, “मी घरीच असते.” म्हणून ‘काम करता का?’ एवढ्यावर थांबायचं नाही. काल पहाटेपासून निजेपर्यंत काय काय केलंत, हे विचारायचं.

तिसरी पायरी पिढ्यांची. आजोबांना मुंबईच्या कापड गिरणीत नोकरी मिळाली. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ती वाट बंद होत गेली. म्हणून तिन्ही पिढ्यांना पहिली कमाई, लग्नाचं वय, निर्णय कुणाचा, हे विचारायचं. मुलगा आणि मुलगी यांच्याशी वेगवेगळं बोलायचं, कारण वडीलधाऱ्यांसमोर दोघंही मोजकंच बोलतात.

चौथी पायरी पुन्हा येण्याची. गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं, लग्नाच्या आणि जमिनीच्या गोष्टी निघतात. भर पावसात त्याच घरात दोन म्हाताऱ्या असतात. दोन्ही वेळा गेल्याशिवाय कुटुंब कळत नाही.

कोकणातल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात आपल्याच वाडीपासून करावी. एका घराची वंशावळ आणि एका बाईच्या दिवसाची नोंद, एवढं पहिल्या अभ्यासाला पुरेसं आहे.