कोल्हापूरची मृत्युनोंद
शहराची प्रकृती जोखण्यासाठी दरहजारी मृत्युप्रमाण आणि हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी अर्भके हे निर्देशांक सर्वत्र प्रमाण मानले जात असले, तरी कोल्हापुरात ते जरा सबुरीनेच वाचावे लागतात. कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये नोंद मयताच्या गावी न होता, मृत्यू जेथे घडला त्या हद्दीच्या दप्तरी होते. राधानगरी-भुदरगड तालुक्यांतून अत्यवस्थ होऊन शहरातील ‘सीपीआर’ रुग्णालयात आणलेला रुग्ण तेथेच निवर्तला, तर अंश वाढतो, छेदातली शहरवस्ती (२०११ च्या खानेसुमारीत सुमारे साडेपाच लाख) तेवढीच राहते, आणि मोठ्या इस्पितळाचे शहर कागदोपत्री रोगट ठरते! तेव्हा राहत्या पत्त्यावरून नोंदी आधी निवडाव्यात. आणि पंचगंगेच्या पाण्याचा दोष हुडकायचा, तर मृत्यूंची वाट न पाहता पेठापेठांतील कावीळ-अतिसाराची साप्ताहिक मोजदाद ठेवावी.