कंपवात आणि नोकरी : राजीनाम्यापूर्वी विचार व्हावा

आमच्या लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सही केलेला धनादेश, सही जुळत नाही या कारणाने बँकेतून परत आला. पुढील महिन्यात आणखी एक आला. त्यांचे अक्षर दिवसेंदिवस बारीक होत गेले होते. अक्षर बारीक होणे हे पार्किन्सन आजाराचे, अर्थात कंपवाताचे, प्रारंभिक लक्षण असू शकते, हे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ठाऊक नव्हते. निदान झाल्यावर त्यांनी राजीनामा माझ्या हाती दिला आणि मी तो जवळजवळ स्वीकारला. रुग्णालयाच्याच व्यवस्थापकाकडून असे घडावे याची खंत वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. परिणामी हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, अनेकांचे हात थरथरतात, आवाज क्षीण होतो. आजार समूळ बरा होत नाही. मात्र लेव्होडोपासारख्या औषधांनी लक्षणे बरीच आटोक्यात राहतात. काही वर्षांनी एका गोळीचा प्रभाव दुसऱ्या गोळीच्या वेळेआधीच ओसरू लागतो. म्हणजे दिवसाचे काही तास सुकर, तर काही कठीण जातात. माणूस सरसकट निकामी होत नाही.

हे ध्यानी घेऊन आम्ही कामाची फेरमांडणी केली. धनादेशावरील सहीचे अधिकार व रोकड मोजण्याचे काम अन्य सहकाऱ्यांकडे दिले. हिशेबतपासणी व अंदाजपत्रक यांच्याकडेच ठेवले आणि ते औषधाचा प्रभाव असलेल्या वेळेत करण्याची मुभा दिली. बैठक चालू असली तरी गोळीची वेळ चुकवायची नाही, असा नियम केला. प्रथिनयुक्त आहाराने काहींच्या बाबतीत औषधाचा प्रभाव कमी होतो; म्हणून डबा खाण्याची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवली. संगणकाची कळ दाबली राहिल्यास तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटू नये, अशी सोय केली. खर्च म्हणाल, तर हातांची एक भक्कम खुर्ची एवढाच. जमेच्या बाजूस बावीस वर्षांचा अनुभव संस्थेकडे राहिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सन आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करू नये, गरज भासल्यास त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर नेमावे, अशी तरतूद त्यात आहे. खासगी नोकरीत मात्र बरेचसे मालकाच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.

वाहन चालविणे, यंत्रावर वा उंचावर काम करणे यांबाबत डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा. आजार बळावल्यावर निवृत्ती घेण्यातही कमीपणा नाही. परंतु निदानाच्या धक्क्यात तो निर्णय घेऊ नये. रुग्णांच्या कुटुंबीयांनी आधी डॉक्टरांशी व कार्यालयाशी बोलावे. आणि आमचे जे देणगीदार स्वतः उद्योजक आहेत, त्यांनी आपल्या कर्मचाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.

आमचे सहकारी आजही वेळेवर कामावर येतात. या अहवालातील ताळेबंद त्यांनीच तपासला आहे.