बरगडीच्या कूर्चेचे नाकाला कलम

कलम म्हटले की आपल्याला आंबा, चिकू आठवतो. पण माणसाच्या बरगडीचा तुकडा काढून त्याच्याच नाकाच्या शेंड्याला आधार देतात, हे ठाऊक आहे का?

बैलाचे शिंग लागते, इंजिनाचे हँडल उलटे बसते, मोटारसायकल घसरते. नाक बसते, शेंडा खाली येतो. श्वास अडतो, चारचौघांत जायला माणूस कचरतो. ‘नशीब’ म्हणून गप्प बसू नका.

नाकाचा शेंडा हाडावर नव्हे, कूर्चेवर उभा असतो. कानाचा वरचा भाग दाबला की हाताला लागते ती कूर्चा. सर्जन आधी नाकाच्या पडद्यातली किंवा कानातली कूर्चा पाहतात. ती पुरली नाही तर बरगडीकडे वळतात. बरगडीचे पुढचे टोक कूर्चेचेच असते. पूर्ण भूल देऊन, छातीवर छोटा छेद घेऊन तुकडा काढतात, कोरतात आणि शेंड्याखाली मेढीसारखा बसवतात. आपल्याच अंगातला तुकडा असल्याने शरीर सहसा तो नाकारत नाही.

ओली फळी उन्हात वाकते, तशी कोरलेली कूर्चाही वाकू शकते. म्हणून शक्यतो मधला गाभा घेतात, थोडा वेळ थांबून बाक पाहतात, मगच बसवतात. उतारवयात ती टणक होते. छाती दुखते, जंतुसंसर्ग, क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला इजा, हेही धोके आहेत. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्षही लागते.

नाक दुरुस्तीची विद्या आपल्याला परकी नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या बैल हाकणाऱ्याला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्याने कपाळाच्या कातडीचे नाक बसवले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. १८१४ साली तिथल्या जोसेफ कार्प्यू यांनी तीच रीत वापरली.

आता कामाचे. मार लागल्यावर नाक आतून गच्च झाले, तर पडद्यात रक्त साकळले असू शकते. ते वेळीच काढले नाही तर काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक बसते. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरपंच, पोलीस पाटील यांनी गाडीची सोय करावी. नाक आधीच बसले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा. कूर्चा कुठली घेणार, श्वास सुधारेल का, खर्च किती, हे आधी विचारा. बिडी-तंबाखू मात्र सोडाच. तिच्यामुळे जखम लवकर भरत नाही.